वजन उतरलं, पण तोल?

‘अगं, मला बेसिनची भीती वाटायला लागलीये!’

ताईचं हे वाक्य ऐकून मी चक्क हसले. ताई म्हणजे माझी मावसबहीण. ठाण्यात राहते, अंधेरीला नोकरी. सव्वा वर्षापूर्वी तिनं वजन कमी करायची सर्जरी करून घेतली. स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी. यात जठराचा पाऊण भाग किंवा त्याहून थोडा जास्त काढून टाकतात आणि उरते केळ्याच्या आकाराची एक नळी. ११२ किलोंची ताई ७४ वर आली. नवे कुर्ते, नवा प्रोफाइल फोटो... एकदम झक्कास!

आणि आता हे बेसिन. तोंड धुताना डोळे मिटले की तिचा तोल जायचा. पायांना मुंग्या यायच्या. ‘कमी खातेस ना, म्हणून चक्कर,’ हे मावशीचं निदान. ‘कानाचं काहीतरी असेल,’ हे माझं, अर्थातच इंटरनेटवरून!

मी तिच्यासोबत कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे गेले. तिथे कळलं, की तोल सांभाळायचं काम तीन जण मिळून करतात. एक डोळे. दुसरा आतला कान. त्यात द्रव भरलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असतात. मान वळली की त्यांना कळतं. शेजारी कॅल्शियमचे बारीक स्फटिक असतात, ते सांगतात वर-खाली कुठे. आणि तिसरे आपले पाय. तळवे आणि सांधे मेंदूला सतत खबर देत असतात.

वजन खूप असताना पोट पुढे येतं, भार पुढे सरकतो, दाबाखालच्या तळव्यांची संवेदनाही कमी होते. म्हणून सर्जरीनंतर बहुतेकांचा तोल सुधारतो. मग ताईचं उलटं का?

डॉक्टरांनी तिला पाय जुळवून उभं केलं. डोळे उघडे, सगळं ठीक. ‘आता मिटा.’ ताई डोलायला लागली, मी धावले! या तपासणीला रोमबर्ग टेस्ट म्हणतात. कानाच्या बाकी तपासण्या नॉर्मल होत्या. खबर देणारे पायच गप्प झाले होते, डोळे कसंबसं निभावून नेत होते.

रक्ततपासणीत उत्तर मिळालं : बी-१२ खूपच कमी. हे जीवनसत्त्व शरीरात शोषलं जायला जठरातलं आम्ल आणि तिथंच तयार होणारं एक प्रथिन लागतं. जठरच छोटं झालं, की दोन्ही घटतात. त्यात ताई पक्की शाकाहारी. आणि गोळ्या? ‘सहा महिने घेतल्या गं, मग वाटलं आता बरीच आहे की!’

डॉक्टर रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, की मज्जातंतूंचं हे नुकसान लवकर पकडलं तर बरंच भरून येतं, उशीर झाला तर कायमचं राहू शकतं. ताई गप्प झाली. मीपण. तिच्या फोटोंना लाइक करताना मी एकदाही विचारलं नव्हतं, ‘गोळ्या घेतेस ना?’

सध्या इंजेक्शनं सुरू आहेत. बेसिन आता छळत नाही, मुंग्या मात्र अजून आहेत. लोकलमध्ये ती दांडा धरूनच उभी राहते.

तुम्ही किंवा तुमच्यापैकी कुणी ही सर्जरी केली असेल तर...

* व्हिटॅमिनच्या गोळ्या आणि ठरलेल्या रक्ततपासण्या आयुष्यभर. बरं वाटतंय म्हणून सुट्टी नाही!
* सतत उलट्या होत असतील आणि चालताना झोक जात असेल, एकाचे दोन दिसत असतील, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. बी-१ ची कमतरता मेंदूला इजा करू शकते.
* कूस बदलताना खोली काही सेकंद गरगर फिरली, तर कानातले स्फटिक जागचे हलले असू शकतात. डोक्याच्या ठरावीक हालचालींनी डॉक्टर ते परत जागी नेतात.
* स्वतःचाच आवाज कानात घुमतोय? झपाट्यानं वजन उतरल्यावर कान-घशाला जोडणाऱ्या नळीभोवतीची चरबीही कमी होते आणि ती उघडी राहू शकते. तेही सांगा.

आणि हो, पुढच्या वेळी ‘किती किलो उतरले?’ विचाराल, तेव्हा गोळ्यांचंही विचारा!