मारहाणीच्या आधीची हिंसा

घरगुती हिंसाचार म्हटला की आपल्याला काळानिळा पडलेला डोळाच आठवतो. पण हात उगारला जाण्याच्या कितीतरी आधी त्या घरात बरेच काही घडून गेलेले असते. ते आजूबाजूच्यांना दिसतेही, फक्त आपण त्याला वेगळे नाव देतो. नवरा तासातासाला फोन करतो, तर 'किती काळजी घेतो!' माहेरी जाऊ देत नाही, तर 'तिच्याशिवाय करमत नाही त्याला.' सुनेचे एटीएम कार्ड सासूकडे, तर 'घरात हिशेब एकाच हाती बरा.'

यातली पैशाची गोष्ट आम्हांला सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण शिकलेल्या, नोकरदार घरांतही ती सर्रास चालते. पगार बाईच्या खात्यात जमा होतो आणि रिक्षाच्या भाड्यासाठी तिलाच हात पसरावा लागतो. ही घरची सोय आहे, असे कुणी म्हणेल. मग एवढेच पाहावे: ती 'नाही' म्हणू शकते का, आणि म्हटले तर पुढे काय होते? कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणाऱ्या 2005 च्या कायद्यात शारीरिक आणि लैंगिक छळाबरोबर शाब्दिक, भावनिक व आर्थिक छळही हिंसाचारच मानला आहे. अंगावर वळ असलेच पाहिजेत असे नाही.

विहारात नेमाने येणारी ताई येईनाशी होते. आलीच तर सारखी घड्याळ बघते. बचत गटाचा हप्ता चुकतो. प्रश्न तिला विचारला तरी उत्तर नवरा देतो. यातल्या एकेका गोष्टीने काही सिद्ध होत नाही, पण दोन-चार एकत्र दिसल्या तर तिला एकटीला गाठून विचारावे. व्हॉट्सॲपवर नको, मोबाईल तोच तपासत असेल. त्याला जाब विचारायलाही धावू नये, राग तिच्यावर निघतो. आणि समाजाची बैठक बोलावून 'जुळवून घे' सांगणे तर बंदच व्हायला हवे.

गळा दाबला असेल किंवा जिवे मारण्याची धमकी दिली असेल, तर वाट पाहू नये. घर सोडू पाहणाऱ्या बाईचा धोका त्याच वेळी वाढतो, म्हणून आधार कार्ड, पासबुक, जातीचा दाखला, मुलांचे कागद आधीच विश्वासाच्या ठिकाणी ठेवावेत. मदतीसाठी 181, तातडीच्या वेळी 112. जिल्ह्यातल्या संरक्षण अधिकाऱ्यामार्फत किंवा थेट न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. 'निघ माझ्या घरातून' हे रोज ऐकणाऱ्या बाईला आणखी एक सांगावे: घर तिच्या नावावर नसले तरी तिथे राहण्याचा हक्क हाच कायदा तिला देतो.