सणाचं पान आणि फराळाचा डबा

माझा धंदा लोकांना गोड खाऊ घालायचा. डोंबिवलीत घरगुती नैवेद्य आणि फराळाच्या ऑर्डरी घेते. गणपतीत उकडीचे मोदक, गौरीला पुरणपोळ्या, दसऱ्यापासून भाऊबीजेपर्यंत लाडू, चकल्या, करंज्या. मदतीला चार बायका आहेत आणि ओट्यावर ग्रॅमपर्यंत तोलणारा एक काटा. तो घेतला होता मालाचा हिशेब चोख राहावा म्हणून. पुढे डॉक्टरांनी माझा साखरेचा रिपोर्ट बघून सांगितलं, "अजून मधुमेह नाही, पण उंबरठ्यावर आहात. वजन उतरवा." तेव्हापासून त्या काट्यावर माझं स्वतःचं पानही चढायला लागलं. दोन वर्षांत 71 वरून 64 किलोवर आले आहे. या दोन वर्षांत एकही गणपती मोदकाशिवाय गेला नाही.

गिऱ्हाईक बायका हे ऐकून विचारतात, "म्हणजे तुम्ही साखरेऐवजी काही वेगळं घालता का?" नाही घालत. आमच्या मोदकाला आंबेमोहोराची पिठी, ओलं खोबरं आणि गूळच लागतो. मध्यम आकाराच्या एका मोदकात पिठी 20 ग्रॅम, खोबरं 15 आणि गूळ 12 ग्रॅम धरा. झाल्या साधारण 170 कॅलरी. वर चमचाभर तूप सोडलं की आणखी 45. पुरणपोळीला मी किलो डाळीला किलो गूळ घेते. मोठ्या पोळीत डाळ आणि गूळ 30-30 ग्रॅम आणि कणीक 25 ग्रॅम जाते. तुपासकट 400 कॅलरी. माझ्या वजनाच्या बाईने ती चालून जिरवायची म्हटलं तर भरभर चालत पावणेदोन तास हवेत. सणाच्या दिवशी ते कुणाला मिळत नाहीत, मलाही नाही.

आता हे आकडे वाचून घाबरून पोळी नाकारायची असेल, तर थोडं थांबा. गौरीजेवणाचं माझं पूर्ण पान मी एकदा मांडून पाहिलं. दोन पोळ्या, वरणभात-तूप, दोन भाज्या, कटाची आमटी, भजी, कुरडई, वाटीभर खीर. सगळं मिळून 1600-1700 कॅलरी भरल्या. एरवीचं दुपारचं जेवण 600 चं असतं. म्हणजे त्या दिवशी जास्तीच्या गेल्या हजारेक. शरीरात एक किलो चरबी साठायला सुमारे 7700 कॅलरी जादा लागतात, तेव्हा या दणदणीत जेवणाने वाढलेली चरबी फार तर 130 ग्रॅम. दुसऱ्या दिवशी काटा दीड किलो जास्त दाखवतो ते बहुतेक पाणी असतं. मीठ पाणी धरून ठेवतं आणि भाता-गुळातली जी साखर शरीर राखीव ठेवतं तीही आपल्याबरोबर पाणी साठवते. तीन-चार दिवस नेहमीसारखं जेवलात की ते उतरतं. त्या दीड किलोला भिऊन दुसऱ्या दिवशी उपाशी बसणाऱ्या बायका मला माहीत आहेत. संध्याकाळी त्याच उरलेली पोळी दुधात कुस्करून खातात.

वजन वाढवणारी बशी वेगळी. दिवाळीच्या फराळातली, संध्याकाळच्या चहाबरोबरची. माझ्या प्रमाणाने किलोभर बेसनाला 600 ग्रॅम तूप आणि 900 ग्रॅम पिठीसाखर, म्हणजे 40 ग्रॅमच्या एका लाडवाच्या 200 कॅलरी. एक चकली 100. ओंजळभर चिवडा 150. बशी झाली साडेचारशेची, आणि ती खाऊन पोट भरलं असं कुणालाच वाटत नाही. रात्री साडेआठला पानं मांडलीच जातात. वसुबारसेपासून डबे रिकामे होईपर्यंत पंधरा दिवस धरले तर 6750 कॅलरी. पाऊण किलोच्या वर चरबी, आणि त्यात सण म्हणावे असे चार-पाचच दिवस. कुरकुरीत राहावं म्हणून आम्ही घट्ट झाकणाचे डबे देतो. त्यामुळे माल महिनाभर टिकतो आणि बशीही महिनाभर चालते.

हे माझं एकटीचं गणित नाही. अमेरिकेत नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगपासून नववर्षापर्यंत सणांची रांग असते. तिथल्या 195 माणसांची या काळात आणि पुढे वर्षभर वजनं घेतली, आणि तो अभ्यास 2000 साली प्रसिद्ध झाला. लोकांचा अंदाज होता की आपण दीडेक किलोने वाढलो. काट्यावर सरासरी वाढ निघाली 370 ग्रॅम. एवढंच ना, असं वाटेल; पण ते 370 ग्रॅम पुढच्या वसंतात, उन्हाळ्यात उतरलेच नाहीत. दर वर्षी थोडी भर पडत जायची. त्यांचे सण सहा आठवड्यांचे. आपल्याकडे श्रावणातल्या नारळीभातापासून जे सुरू होतं ते तुळशीच्या लग्नापर्यंत थांबत नाही, आणि मध्ये पितृपक्षातसुद्धा खीर-वडे असतातच.

आपल्याला थोडी चरबीही महागात पडते, याचं कारण पुण्यात शोधलं गेलं. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचा ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन यांच्याबरोबरचा एक फोटो 2004 साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. उंचीच्या मानाने वजन, म्हणजे बीएमआय, दोघांचा सारखाच, 22.3. पण युडकिन यांच्या अंगात चरबी 9.1 टक्के आणि आपल्या याज्ञिकांच्या अंगात 21.2 टक्के. दिसायला बारीक, आतून चरबीदार. ती पोटाभोवती साठते. म्हणून आपल्याकडे कमरेचा घेर बायकांसाठी 80 सेंटीमीटर आणि पुरुषांसाठी 90 च्या पुढे गेला की डॉक्टर सावध करतात. ब्लाउज शिवणाऱ्या टेपने हे घरी मोजता येतं.

आता जिच्याबद्दल कुणी लिहीत नाही तिच्याबद्दल: सणाचा स्वयंपाक करणारी बाई. नैवेद्य चाखायचा नाही, त्यामुळे पहाटे पाचपासून ती चहावर असते. आरतीला दीड वाजतो. मग पुरुषांची आणि मुलांची पंगत, मग पाहुण्या. ती बसते साडेतीनला, भुकेने हात थरथरत असताना. अशा वेळी माणूस जेवत नाही, बकाबका खातो. शिवाय पातेल्यात उरलेला भात, तुटलेल्या पोळ्या, मुलांच्या पानातले अर्धे मोदक "टाकायचं कसं" म्हणून तिच्याच पानात येतात. माझ्या सासूबाई जन्मभर अशाच जेवल्या. शेवटची वीस वर्षं त्यांना मधुमेह होता, आणि घरातले सगळे म्हणायचे, "ती काही खात नाही हो फारसं."

आमच्याकडे मी दोन गोष्टी बदलल्या. सकाळी सातला, स्वयंपाकाला हात लावण्याआधी, सगळ्या बायकांनी पोटभर खायचं. मुगाचं धिरडं, दही, एखादं फळ. ज्यांचा आरतीपर्यंत उपास असतो त्यांच्यासाठी दूध आणि दाणे. दुसरं म्हणजे पंगत एकच. वाढणारे घरातले मुलगे आणि जावई. पहिल्या वर्षी नणंदेने नाक मुरडलं, जावयाच्या हातात आमटीचं भांडं बघून. आता तीच त्यांना भात कसा वाढायचा ते शिकवते. उरलेलं अन्न लगेच डब्यांत भरून आमच्या इमारतीच्या वॉचमनकडे आणि कामाला येणाऱ्या मावशींकडे जातं, शिळं होण्याआधी, गरम असताना.

पानाबद्दल सांगायचं तर आपल्या जुन्या वाढपात उत्तम सोय आहे, आपण ती वापरत नाही. पानाच्या डाव्या बाजूला चटणी-कोशिंबीर, उजवीकडे भाज्या. हल्ली कोशिंबीर शोभेपुरती, चमचाभर. ती वाटीभर घ्या. काकडीची खमंग, गाजराची, दह्यातली पडवळाची. आधी ती आणि पालेभाजी संपवा, मग वरण, मग पोळीला हात लावा. भाजी आणि डाळ आधी पोटात गेली की मागून आलेला गूळ-भात रक्तातली साखर एकदम चढवत नाही, हे मधुमेहाच्या रुग्णांवर तपासलेलं आहे. शिवाय दुसरी पोळी आपोआप नकोशी होते. मी आता एकच पोळी घेते, पण तूप पूर्ण घेते. कोरडी पुरणपोळी खाऊन वजन कमी करायचं असेल तर ते मला जमणार नाही. भजी-कुरडई यांत एकच काहीतरी. जेवण झाल्यावर लगेच आडवं न होता गल्लीच्या टोकापर्यंत दहा-पंधरा मिनिटं चालते, शतपावलीच म्हणा. वजनाला त्याचा फारसा उपयोग नाही, साखरेला आहे.

आग्रह हा मोठा विषय. "एवढीशी तर आहे", "माझ्या हातची नाही आवडली का", आणि जावयाला तर विचारतच नाहीत, थेट वाढतात. ताटावर हात आडवा धरून उपयोग होत नाही, वाढणारी बोटांच्या फटीतून वाढते. उपयोग होतो तो पानात शेवटपर्यंत काहीतरी राखण्याचा. रिकामं पान दिसलं की वाढायला येणारच. मी अर्धा मोदक पानात ठेवून गप्पा मारते. "डॉक्टरांनी सांगितलंय" हे मात्र बोलू नये, त्यावर पंगतीत दहा डॉक्टर तयार होतात. "फार छान झालीय, पुढच्या वेळी मागून घेईन" म्हटलं की समोरची सुखावते आणि पुढच्या पानाकडे वळते. घरी न्यायला डबा देऊ केला तर तो नम्रपणे परत करा. पंगतीतलं वाचवलेलं तिथेच फुकट जातं.

नवरात्राच्या उपासाबद्दल "एकादशी आणि दुप्पट खाशी" ही म्हण पुरेशी बोलकी आहे. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, प्रथिनं नावालाही नाहीत. त्यात बटाटा, तूप, वर साखर. उपास करायचाच तर भगर, दाण्याची आमटी, राजगिरा, ताक यांवर करा. मधुमेहाची गोळी किंवा इन्शुलिन चालू असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपास करू नये, साखर एकदम खाली जाऊ शकते.

दर वर्षी "डाएट फराळ" मागणारी गिऱ्हाइकं वाढत आहेत. भाजका पोह्यांचा चिवडा मी देते, त्यात तेल खरंच कमी असतं. पण गुळाचा लाडू साखरेच्या लाडवापेक्षा हलका असतो हा समज सोडा. 100 ग्रॅमला गुळाच्या 380 कॅलरी, साखरेच्या 400. खजुराचा लाडूही गोडच असतो. आणि डब्यावर "डाएट" लिहिलं की माणूस चार लाडू खातो, हे मी दुकानदार म्हणून सांगते. आहाराच्या बाबतीत दीक्षितांची पद्धत की दिवेकरांची, हा वादही माझ्या ओट्यासमोर रोज होतो. एक बाजू दिवसातून दोनदाच, 55 मिनिटांत जेवा म्हणते, दुसरी बाजू घरचं तूप बिनधास्त खा म्हणते. माझ्या मते ज्याला जे वर्षभर झेपेल ते त्याने करावं. पण चहाबरोबरची बशी दीक्षितांच्या हिशेबात बसत नाही, आणि दिवेकरांचं तूपसुद्धा शंकरपाळ्याच्या डब्यावर उतारा नाही.

एक गोष्ट मात्र मी विलायतेहून उचलली. बर्मिंगहॅममध्ये 272 माणसांवर केलेला प्रयोग 2018 साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आला. नाताळच्या दिवसांत एका गटाला आठवड्यातून निदान दोनदा वजन करून लिहून ठेवायला सांगितलं, काही साध्या सूचना दिल्या, आणि कुठला पदार्थ जिरवायला किती चालावं लागतं याचा तक्ता हातात ठेवला. दुसऱ्या गटाला नुसतं माहितीपत्रक. शेवटी दोन गटांत सुमारे अर्ध्या किलोचा फरक पडला. खाणं कुणाचं बंद केलेलं नव्हतं. मी सोमवार-गुरुवार सकाळी काट्यावर उभी राहते आणि आकडा कालनिर्णयाच्या चौकोनात लिहिते, गॅस सिलिंडरच्या तारखेशेजारी. घरात सगळ्यांना दिसतो. लाज वाटायची ती पहिल्या महिन्यात वाटून गेली.

तेव्हा यंदा ऑर्डर देताना आधी घरातली माणसं मोजा. चौघांच्या घराला किलोभर चिवडा, अर्धा किलो चकली, पाव किलो शंकरपाळी आणि पंधरा लाडू पुष्कळ होतात. सणाचे चार-पाच दिवस मनसोक्त खाऊन भाऊबीजेच्या संध्याकाळी डबा रिकामा झाला पाहिजे, या बेताने मागवा. पाच-पाच किलो नेणाऱ्यांनी दोन किलो न्या. माझ्या धंद्याचं मी बघून घेईन. फक्त ऑर्डर दसऱ्याच्या आत द्या, त्यानंतर मी घेत नाही.