वसईच्या कोटातील पडके वाडे

वसईच्या किल्ल्यात जाणारे बहुतेक जण सेंट जोसेफ कॅथेड्रलचा मनोरा कॅमेऱ्यात टिपून परततात. मनोरा देखणा आहेच. परंतु झाडोऱ्यात उभ्या असलेल्या, नावाची पाटी नसलेल्या निवासी वाड्यांच्या भिंतींकडे फारसे कोणी वळत नाही. आमच्या मते खरे पाहण्यासारखे तेथेच आहे.

गुजरातच्या बहादूरशहाने १५३४ साली वसई पोर्तुगीजांना दिली. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेने ती जिंकेपर्यंत त्यांच्या उत्तर प्रांताचा कारभार येथूनच चाले. १६७५ साली येथे आलेल्या जॉन फ्रायर या इंग्रज वैद्याने उमरावांच्या दुमजली घरांचे वर्णन केले आहे: छत असलेले सज्जे, मोठमोठ्या खिडक्या आणि त्यांना काचेऐवजी शिंपल्यांची तावदाने! शिंपला पातळ व अर्धपारदर्शक असल्याने उजेड आत येई, डोळे मात्र दिपत नसत.

आज छप्पर नाही, तावदाने नाहीत. भिंत मात्र वाचता येते. डोक्यावर ठरावीक अंतराने चौकोनी खोबण्यांची ओळ दिसली, तर तेथे तुळयांची टोके बसत आणि त्यावर वरचा मजला उभा असे, हे समजावे. त्या खोबण्या सकाळच्या किंवा उतरत्या तिरप्या उन्हात उठून दिसतात. भर दुपारी सारे सपाट होते. प्रथम समोरून संपूर्ण भिंत घ्यावी, मग बारकावे. मापासाठी जवळ एखादी छत्री ठेवली तरी पुरे. छायाचित्राखाली जागा व तारीख अवश्य लिहावी.

हा खटाटोप कशासाठी? वड-पिंपळाची मुळे चुन्याच्या सांध्यांत शिरतात, जाड होतात आणि दगड ढिले करतात. पावसाचे पाणी उरलेले काम करते. दगड निखळला की तो मूळचा कोठे होता, याचा पुरावा पुष्कळदा छायाचित्रातच उरतो. (मुळे स्वतः उपटू नयेत, कित्येकदा त्यांनीच भिंत धरून ठेवलेली असते.)

भिंतीवर नावे कोरणाऱ्यांविषयी काय बोलावे! हा किल्ला केंद्र सरकारच्या पुरातत्त्व खात्याने संरक्षित केलेला आहे. २०१० च्या दुरुस्तीनंतर अशा वास्तूची नासधूस केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

वाचकांच्या घरी किल्ल्यातील सहलीची जुनी छायाचित्रे असतील. ती काढून माणसांच्या मागची भिंत पाहावी आणि आज ती तेवढीच उंच आहे का, हे तेथे जाऊन ताडून पाहावे.