रक्ताला चिकटलेली साखर

महाडजवळ सावित्रीच्या काठी सव आहे. गरम पाण्याच्या झऱ्यांचं गाव. पण आज झऱ्यावर नको, तिथल्या एखाद्या चुलीपाशी बसू. तव्यावर तांदळाची भाकरी शेकतेय आणि तिच्या पांढऱ्या अंगावर तपकिरी ठिपके उमटताहेत. पिठातली साखर आणि प्रथिनं तापून एकमेकांना चिकटतात, त्यातून हा रंग आणि हा खमंग वास येतो. आटताना बासुंदी बदामी होते, तीही अशीच. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई-कामिय मैयार यांनी १९१२ मध्ये या क्रियेचं वर्णन केलं.

नवल पुढे आहे. भाकरी खाणाऱ्याच्या रक्तातही हेच चाललेलं असतं! तिथे तवा लागत नाही, ३७ अंशांची ऊब पुरते. फक्त सगळं फार सावकाश होतं. रक्तात साखर जितकी जास्त, तितकी ती प्रथिनांना अधिक चिकटते.

तेहरानमधले सॅम्युएल रहबर यांना १९६८ मध्ये मधुमेहींच्या रक्तात वेगळंच हिमोग्लोबिन दिसलं. ते साखर चिकटलेलं हिमोग्लोबिन होतं. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, त्यामुळे तिच्यावरची साखर मोजली की मागच्या दोन-तीन महिन्यांचा हिशेब हाती येतो. हीच आपली ‘एचबीएवनसी’ तपासणी. २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने निदानासाठी ती मान्य केली. ६.५ टक्के किंवा त्याहून जास्त म्हणजे मधुमेह.

पण हिशेबाची वहीच सदोष असली तर? लोह कमी पडून पंडुरोग झाला, तर साखर बेताची असूनही हा आकडा चढू शकतो. उलट रक्तस्राव झाला किंवा तांबड्या पेशी लवकर फुटू लागल्या, तर नव्या पेशींना साखर चिकटायला वेळच मिळत नाही आणि आकडा फसवा कमी येतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना पंडुरोग आढळला. म्हणजे ही अडचण घरोघरची आहे.

म्हणून दुसरी वही उघडायची, अल्ब्युमिनची. हे प्रथिन तांबड्या पेशीत राहत नाही, रक्तद्रवात फिरतं. त्यात लायसिन या अमिनो आम्लाच्या ५९ जागा आहेत आणि साखर मुख्यतः तिथेच चिकटते. ते मागच्या दोन-तीन आठवड्यांची हकिगत सांगतं. साखरेचा एक रेणू चिकटला की प्रथिनाचं वजन १६२ डाल्टनने वाढतं. एक डाल्टन म्हणजे साधारण हायड्रोजनच्या एका अणूचं वजन. वस्तुमान वर्णपटमापी नावाचं यंत्र एवढासा भारही टिपतं!

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत महेश कुलकर्णी यांच्या गटाने याच वाटेने शोध घेतला. २०१२ मध्ये त्यांनी दाखवलं की ज्या मधुमेहींमध्ये अल्ब्युमिन कमी, त्यांच्या इतर प्रथिनांवर साखर जास्त चिकटलेली असते आणि एचबीएवनसीही वाढलेलं असतं. म्हणजे अल्ब्युमिन साखर स्वतःच्या अंगावर घेऊन इतरांना सांभाळतं, असं दिसतं.

अर्थात यकृत किंवा मूत्रपिंड बिघडलं की अल्ब्युमिनचा हिशेबही चुकतो. तेव्हा रिपोर्टवरचा एकच आकडा पाहून घाबरू नका, निर्धास्तही होऊ नका. पंडुरोग असेल, नुकतंच रक्त चढवलं असेल किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल, तर डॉक्टरांनी विचारायची वाट न पाहता आधीच सांगा.