साठीनंतर अंगाला सतत खाज? कारणे आणि उपाय समजून घ्या

अलिबाग, मुरूड, श्रीवर्धनची हवा दमट. तरीही घरातल्या ज्येष्ठांची पाठ, पोटऱ्या रात्रभर खाजतात, अनेकदा पुरळ नसतानाही. असे का?

कारण काय?
बहुतेकदा कोरडी त्वचा. वयानुसार त्वचेतील तेल कमी होते, ओलावा टिकत नाही. कडकडीत पाण्याची अंघोळ आणि उग्र साबण उरलेले तेलही धुऊन नेतात.

घरी काय करावे?
कोमट पाण्याने पाच-दहा मिनिटांत अंघोळ आटोपा. सौम्य साबण वापरा. अंग टिपून ओलसर असतानाच मॉइश्चरायझर किंवा खोबरेल तेल लावा. मात्र न्हाणीघरात नको, पाय घसरतो. नखे कापलेली ठेवा, कपडे सुती घाला.

दुकानातून मलम आणावे का?
विचारून आणलेले स्टिरॉइडचे मलम नको. नायटा असेल तर खाज थांबल्यासारखी वाटते, बुरशी मात्र पसरत राहते. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशा १४ स्टिरॉइडच्या मलमांना डॉक्टरांची चिठ्ठी बंधनकारक केली.

डॉक्टरांकडे कधी जावे?
खाज सहा आठवडे टिकली, वजन घटले किंवा डोळे पिवळे झाले, तर अंगावर काढू नका. मूत्रपिंड, यकृत, थायरॉइडचे विकार, लोहाची कमतरता किंवा एखादे औषधही कारण असू शकते. चालू गोळ्यांची यादी सोबत न्या; गोळ्या मनाने बंद करू नका. घरात इतरांनाही रात्री खाज सुटत असेल तर खरजेची शक्यता असते. तेव्हा उपचार सगळ्यांनी एकाच वेळी घ्यावे लागतात.