बोक्याचं इन्सुलिन, माढ्याचं ऊन
मांजराला मधुमेह निघाला की बहुधा दर 12 तासांनी, खाऊ घालून, इन्सुलिन टोचावं लागतं. सुईची भीती दोन दिवसांत जाते. खरी गफलत सिरिंजमध्ये होते. आपल्याकडच्या साध्या बाटलीत मिलिलिटरला 40 युनिट असतात, ग्लार्जिन नावाच्या इन्सुलिनमध्ये सहसा 100. 40 ची सिरिंज लाल टोपणाची, 100 ची नारिंगी. अदलाबदल झाली तर डोस अडीचपट चुकतो. बाटली फ्रिजच्या दारात ठेवा, बर्फाच्या कप्प्यात नको. गोठलेलं इन्सुलिन फेकायचंच. माढ्यात उन्हाळ्यात लाइट गेली, तर बाटली घट्ट डबीत घालून माठात. दूध-चपातीचा लाड बंद. साखर उतरून मांजर झोकांड्या खाऊ लागलं तर हिरड्यांना मध चोळा आणि लगेच पशुवैद्यकांना फोन करा. जेवलंच नाही, तर त्यांना विचारल्याशिवाय सुई टोचू नका.