दोन खाड्यांमधला मुलूख : साध्या वाहनांनी, सहकुटुंब

वसई-विरारचा मुलूख दक्षिणेला उल्हास नदीच्या मुखाशी पसरलेली वसईची खाडी आणि उत्तरेला वैतरणेची खाडी यांच्या मध्ये आहे. पश्चिमेला अरबी समुद्र आणि पूर्वेला तुंगारेश्वराचे डोंगर असल्यामुळे तो चारही बाजूंनी अडलेला आहे, आणि म्हणूनच येथे कोण कोणत्या वाटेने आले हे सांगू लागले की या भागाचा बराचसा इतिहास सांगून होतो. व्यापारी आणि बौद्ध भिक्खू सोपाऱ्याच्या बंदरात उतरले, पोर्तुगीज समुद्राकडून आले, मराठे जमिनीकडून आले आणि गेल्या दीडशे वर्षांत आलेली माणसे बहुतेक आगगाडीने आली. खासगी मोटार न घेता, लोकल, एसटी, महापालिकेची बस, शेअर रिक्षा आणि होडी यांच्या भरवशावर घरातील लहानथोरांसह हा प्रदेश पाहणाऱ्याला या वाटा अजूनही जशाच्या तशा पायाखाली घेता येतात.

यांपैकी रेल्वेची वाट सर्वांत बलवान ठरली. बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया या कंपनीने १२ एप्रिल १८६७ रोजी विरारहून मुंबईच्या बॅकबेपर्यंत दररोज एक गाडी सुरू केली. या गाडीने वसईची केळी, भाजी, फुले आणि पुढे चाकरमानीही मुंबईला नेले, आणि हळूहळू या साऱ्या मुलखाचे तोंड दक्षिणेकडे वळवले. २००९ मध्ये वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर या चार नगरपालिका एकत्र करून महापालिका झाली. २०११ च्या जनगणनेत तिची लोकसंख्या बारा लाखांहून अधिक भरली. ‘विरार लोकल’ हा शब्द मुंबईत गर्दीचा समानार्थी म्हणून वापरला जातो तो या वाढीमुळेच. पण ही गर्दी सकाळी दक्षिणेकडे आणि संध्याकाळी उत्तरेकडे वाहते, हे लक्षात घेऊन सुटीच्या दिवशी तिच्या प्रवाहाविरुद्ध निघालेल्या कुटुंबाला तीच गाडी पुष्कळ माणसाळलेली वाटते.

या मार्गावरील स्थानकांच्या नावांत एक जुनी खूण दडलेली आहे. वसई रोड, केळवे रोड, डहाणू रोड यांतील ‘रोड’ याचा अर्थ स्थानक त्या गावात नसून गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे असा होतो. रूळ आतल्या अंगाने सरळ नेले गेले आणि समुद्रकाठची मूळ गावे बाजूला राहिली. प्रवासाचा खरा भाग येथूनच सुरू होतो, कारण स्थानक ते गाव हे अंतर एसटीने, महापालिकेच्या बसने किंवा माणसे भरल्यावर सुटणाऱ्या शेअर रिक्षाने कापावे लागते.

युरोपच्या आग्नेय टोकाला असलेल्या बाल्कन द्वीपकल्पातील अल्बानिया या देशात हीच पद्धत पाहायला मिळते. १९९१ पर्यंत तेथे सामान्य नागरिकाला खासगी मोटार बाळगण्याची मुभा नव्हती. ती राजवट गेल्यानंतर ‘फुर्गॉन’ नावाच्या लहान गाड्यांनी देशाची वाहतूक पेलली, आणि पुष्कळशा फुर्गॉन आजही ठरलेल्या वेळेपेक्षा आसने भरण्याची वाट पाहतात. द्रिन नदीवरील धरणामुळे तयार झालेल्या कोमान जलाशयातून फिएर्झापर्यंत जाणारी फेरीबोट तर परदेशी पर्यटकांना विशेष आवडते. डोंगर थेट पाण्यातून उभे राहिलेले असतात आणि दोन-तीन तास बोटीबाहेर दुसरे काही नसते. मराठी पर्यटक तेथे जाऊन या दोन्ही गोष्टींचे कौतुक करील, यात शंका नाही. नालासोपाऱ्याच्या रिक्षातील चौथ्या माणसाची वाट पाहताना मात्र त्याला तोच अनुभव त्रासदायक वाटतो, हा वाहनाचा नव्हे, पाहणाऱ्याच्या मनःस्थितीचा फरक आहे.

वसईत प्रवेश करण्याची सर्वांत अर्थपूर्ण वाट पाण्याची आहे, आणि ती अलीकडे पुन्हा उघडली. फेब्रुवारी २०२४ मध्ये भाईंदर आणि वसई यांच्यामध्ये रो-रो सेवा सुरू झाली. रो-रो म्हणजे जिच्यात वाहने आपल्या चाकांवरच चढतात आणि उतरतात अशी बोट. महामार्गाने वळसा घालून जाताना तीस किलोमीटरांहून अधिक पडणारे अंतर खाडीतून साधारण साडेतीन किलोमीटर आहे. ही बोट वसई किल्ल्याच्या जेट्टीला लागते आणि जवळच किल्ल्याचा दर्या दरवाजा असल्यामुळे पायी येणारे कुटुंब पोर्तुगीज अधिकारी आणि व्यापारी ज्या बाजूने शहरात शिरत त्याच बाजूने आत शिरते. रेल्वेने आलेल्याला किल्ला मागील अंगाने भेटतो. वसई रोडहून बसने किंवा रिक्षाने वसई गाव ओलांडून तेथे यावे लागते.

गुजरातचा सुलतान बहादुरशहा याने १५३४ मध्ये तहाने वसई पोर्तुगीजांना दिली आणि पुढील दोनशे वर्षे ते त्यांच्या उत्तरेकडील मुलखाचे मुख्य शहर राहिले. तटाच्या आत फ्रान्सिस्कन, जेझुइट आणि डोमिनिकन या ख्रिस्ती धर्मसंघांची मठ-चर्चे उभी राहिली. धर्मसंघ म्हणजे ठरावीक नियमांनी एकत्र राहणाऱ्या धर्मगुरूंची संस्था. छप्परे कोसळून भिंतींत वडा-पिंपळाची मुळे शिरलेले हे अवशेष पाहताना मुले चर्च, देऊळ आणि तट यांची सरमिसळ करतात, आणि ते फारसे चुकत नाहीत, कारण त्याच तटाच्या आत नागेश्वराचे आणि वज्रेश्वरीचे देऊळही आहे. मराठ्यांचे सेनानी चिमाजी अप्पा यांच्या वसई मोहिमेत लढाईचा भार समुद्राकडे नव्हता; जमिनीकडील सान सेबास्तियन बुरुजाखाली सुरुंग लावून तट फोडण्यात आला आणि मे १७३९ मध्ये पोर्तुगीजांनी शरणागतीच्या अटी मान्य केल्या. चर्चच्या मनोऱ्यांतील घंटा विजयाची खूण म्हणून महाराष्ट्रभरच्या देवळांत गेल्या. नाशिकच्या नारोशंकर मंदिरातील घंटा त्यांपैकीच एक. मनोरा वसईत आणि त्याचा आवाज नाशिकला, हे मुलांना सांगण्यासाठी पुस्तकाची गरज पडत नाही. पुढे ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने याच वसईत इंग्रजांशी तह केला, आणि पेशवाईचे स्वातंत्र्य जवळजवळ तेथेच संपले.

सोपारा त्या मानाने लवकर पाहून होतो. नालासोपाऱ्याच्या पश्चिमेला ‘बुरुड राजाचा कोट’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या टेकाडात पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ मध्ये उत्खनन केले आणि तेथे स्तूप, म्हणजे पवित्र अवशेषांवर रचलेली घुमटाकार वास्तू, सापडली. आतल्या दगडी पेटीत अवशेषकरंडक आणि बुद्धांच्या लहान ब्राँझमूर्ती होत्या. सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही सोपाऱ्यातच मिळाला. आज दिसतो तो विटांचा रचलेला ढीग आणि भोवती चाळी-इमारती. मोठ्या अपेक्षेने गेलेल्याची निराशा होण्याचा संभव आहे, तरी शूर्पारक या प्राचीन नावाचे बंदर येथे होते हे डोक्यात ठेवून शेजारचा चक्रेश्वर तलाव आणि त्याच्या काठची शिल्पे पाहिली तर खेप वाया जात नाही.

अर्नाळ्याची गोष्ट वेगळी आहे. विरार पश्चिमेहून बसने अर्नाळा गावात उतरून कोळीवाड्यातून किनाऱ्यावर जावे लागते आणि तेथून होडीने बेटावर. होडी घड्याळापेक्षा भरती-ओहोटीकडे पाहून चालते. ओहोटीला उतारूंना पाण्यातून चालावे लागू शकते, म्हणून आजी-आजोबा आणि लहान मुले बरोबर असतील तर भरतीची वेळ आधी कोळ्यांना विचारून घेणे शहाणपणाचे, आणि पावसाळ्यात समुद्र खवळलेला असताना हा बेत काढूच नये. बेटावर केवळ किल्ला नाही, नांदते गावही आहे; जाळी वाळवणारी माणसे, शाळेत जाणारी मुले आणि कालिकामातेचे देऊळ यांच्यामधून वाट किल्ल्याच्या दरवाजापर्यंत जाते. दरवाजावर हत्ती आणि व्याल, म्हणजे सिंहासारखा काल्पनिक पशू, यांची शिल्पे आहेत. १७३७ मध्ये मराठ्यांनी बेट घेतल्यानंतर पहिल्या बाजीरावाच्या आज्ञेने हा किल्ला नव्याने बांधला गेला, असे तेथील मराठी शिलालेख सांगतो. आतील अष्टकोनी तलाव अजून टिकून आहे. पर्यटकाला गंमत वाटणारी ही होडी बेटावरील रहिवाशाची रोजची बस आहे, याचे भान ठेवून चढताना बाजारहाट घेऊन परतणाऱ्या बायकांना आधी जागा द्यावी, एवढा शिष्टाचार पुरेसा आहे.

विरारच्या पुढे गाडीचा स्वभाव बदलतो. पूर्वी येथून ‘शटल’ धावत असे, म्हणजे दोन ठिकाणांमध्ये सतत ये-जा करणारी गाडी. एप्रिल २०१३ पासून लोकल थेट डहाणू रोडपर्यंत जाऊ लागली, तरी जुनी माणसे अजून ‘शटल’च म्हणतात. वैतरणा आणि सफाळे या स्थानकांमधील पुलांवरून गाडी जाते तेव्हा खाडीच्या पात्रातील वाढीव हे बेट दिसते. तेथील लोकांना रस्ता नसल्यामुळे वर्षानुवर्षे रेल्वेपुलावरून जीव मुठीत धरून चालावे लागले आहे. खिडकीतून दिसणारे हे निसर्गचित्र ज्यांच्यासाठी रोजची कसरत आहे त्यांच्याविषयी घरातील मोठ्यांनी मुलांशी बोलणे अप्रस्तुत होणार नाही. याच खाडीवर एप्रिल २०२५ मध्ये विरारचा मारंबळपाडा आणि सफाळ्याजवळील खारवाडेश्री यांना जोडणारी दुसरी रो-रो सुरू झाली. रस्त्याने साठ किलोमीटरांच्या आसपास जाणारा वळसा तिच्यामुळे दीड किलोमीटरच्या पाण्यावर आला आहे.

केळवे रोडहून शेअर रिक्षाने केळव्याचा सुरूच्या झाडांचा किनारा आणि शीतलादेवीचे मंदिर गाठता येते. पालघर हे १ ऑगस्ट २०१४ पासून जिल्ह्याचे ठिकाण आहे आणि येथून एसटी घाटावरच्या जव्हारला जाते, जेथे मुकणे घराण्याचा जयविलास राजवाडा आहे. एसटीचा हिशेब कुटुंबाला परवडणारा आहे : महिलांना मार्च २०२३ पासून अर्धे तिकीट, पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून मोफत प्रवास, पासष्ट ते पंचाहत्तर वयाच्यांना निम्मे भाडे आणि पाच ते बारा वर्षांच्या मुलांनाही अर्धेच. आजी, आजोबा, आई, वडील आणि दोन मुले निघाली तर पूर्ण तिकीट बहुधा एकट्या वडिलांचेच निघते. ओळखपत्र जवळ हवे, आणि जव्हारहून पालघरकडे येणाऱ्या शेवटच्या गाडीची वेळ उतरल्याबरोबर वाहतूक नियंत्रकाच्या खिडकीवर विचारून घ्यावी.